सरकारी विमा घेणारी बाई

व्हर्लिनने बर्फाला भोक पाडायचं आपलं गिरमिट मला देऊ केलं, तेव्हा मी रिवाजाप्रमाणे दोनदा 'नको' म्हणून तिसऱ्यांदा ते घेतलं आणि घरी आणून गॅरेजात टांगलं. पेट्रोलवर चालणारं, चांगल्या स्थितीतलं गिरमिट. मेव्हण्याकडून काही फुकट मिळण्याचा योग माणसाच्या आयुष्यात वरचेवर येत नाही. त्यामुळे मी कारणमीमांसा करत बसलो नाही. ती माझ्या बायकोने केली.

"देताना काय म्हणाला तो?" आर्डिसने विचारलं.

"म्हणाला, घेऊन जा, मला आता लागणार नाही."

आर्डिसने हातातलं फडकं खाली ठेवलं. "लाइल, भर फेब्रुवारीत मिनेसोटातला माणूस आपलं गिरमिट देऊन टाकतो, आणि तू ते खिळ्याला टांगून जेवायला काय आहे म्हणून विचारतोस?"

तसं मी विचारलं होतं, हे खरं आहे.

आर्डिसचा हा थोरला भाऊ. शाळेची बस चालवण्यात त्याचा जन्म गेला. त्याची बायको मार्लिस गेल्या पानगळीच्या दिवसांत वारली. आमच्याकडे तळं गोठलं की लोक आपापलं लाकडी खोपटं बर्फावर ओढत नेतात, आत शेगडी पेटवतात, भोक पाडून गळ सोडतात आणि तासन्‌तास एकमेकांशी न बोलता बसतात. यालाच आमच्याकडे गप्पा मारणं म्हणतात. व्हर्लिनही यंदा रोज सकाळी खोपट्यात जाऊन बसत होता. पण शेजारच्या खोपट्यातल्या बुच लिंडक्विस्टने एक दिवस आमच्या दारात उभं राहून, बुटांवरचा बर्फ झटकत, अगदी हलक्या आवाजात बातमी दिली.

"धूर निघतोय बरं का. पण आत भोक नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कॉफी द्यायला आत गेलो होतो. खाली नुसती फळी. गळ नाही, भोक नाही. बसलाय. आणि खोपटं यंदा काढणार नाही म्हणतो."

हे दुसरं वाक्य ऐकून आर्डिस खुर्चीत बसली. मार्चमध्ये बर्फ पिचायला लागायच्या आत खोपटी काढायची, असा सरकारी नियम आहे. नियम नसता तरी ती काढावीच लागतात, कारण बर्फ फुटला की वर जे असेल ते तळाशी जातं. त्यात कोण बसलंय हे बर्फ पाहत नाही.

आम्ही त्याला डॉक्टर सुंडीनकडे नेलं. डॉक्टरने विचारलं, "कसं वाटतंय, व्हर्लिन?" व्हर्लिन म्हणाला, "अगदीच वाईट नाही." आमच्याकडे अंगावर झाड पडलेला माणूसही हेच म्हणतो. नशिबाने डॉक्टरही इथलाच असल्यामुळे त्याला त्याचा अर्थ कळला. त्याने व्हर्लिनला बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं, "शरीर ठणठणीत आहे. गोळी लिहून देतो, पण गोळीशी बोलता येत नाही. याला आठवड्यातून एकदा बोलायला माणूस हवा. क्लिनिकल सोशल वर्कर शोधा. परवाना असलेला, मनाचं दुखणं बोलून उतरवणारा. आणि सरकारी विमा घेणारा, म्हणजे आपली फी त्या विम्यातून वळती करून घेणारा बघा, नाहीतर पहिल्याच भेटीचं बिल बघून मानसिक त्रास तुम्हाला होईल."

"असा माणूस मिळेल कुठे?" मी विचारलं.

डॉक्टर खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "असतील. असं ऐकतो."

पासष्टी उलटली की या देशात प्रत्येकाला सरकारी विमा मिळतो. आता विमा असणं आणि तो घेणारा माणूस असणं, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छत्री मिळावी आणि ती उघडायची परवानगी वेगळ्या खात्याकडून आणावी लागावी, तसं काहीसं. पण मी आर्डिसला शब्द दिला. म्हटलं, फोन करायचे, त्यात काय आहे? तू निश्चिंत राहा. हे मी उपाशीपोटी बोललो असतो तर एक वेळ क्षम्य होतं. मी भरल्या पोटी बोललो.

सरकारी विम्याच्या कचेरीने मला आमच्या भागातल्या सोशल वर्करांची नावं दिली. पहिला फोन टायरच्या दुकानात लागला. तिथला माणूस अतिशय सज्जन होता. त्याला असे फोन नेहमी येत असावेत, कारण तो म्हणाला, "नाही, आम्ही ते करत नाही. पण तुमचं काय बिघडलंय?" मी त्याला थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या आईनंतर वडिलांचं असंच झालं होतं. टायर बदलायचेत का?" मी नको म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, "नक्की?" आणि मला वाटून गेलं, यालाच परवाना का देऊ नये.

दुसऱ्या नंबरवर एक म्हातारे गृहस्थ आले. म्हणाले, "ती माझी बायको. गेल्या वर्षी गेली." मी माफी मागून फोन ठेवणार, तोच ते म्हणाले, "नाही नाही, घाई नाही मला." मग त्यांनी तिच्याबद्दल सांगितलं. ती लोकांचं कसं ऐकून घ्यायची, घरी आली की मात्र कुणाचं ऐकायची नाही, वगैरे. दुपार कलली. मध्ये आर्डिस दोनदा डोकावून गेली. तिला वाटलं, काम झालं. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "फार बरं वाटलं हो तुमच्याशी बोलून. असा कुणी सरकारी विमा घेणारा मिळाला तर मलाही कळवा." थोडक्यात, दिवसभर खपून मी एका रुग्णाच्या जागी दोन करून ठेवले.

त्यापुढचा आठवडा सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगतो. एक जण सरकारी विमा घेत होता, पण नवीन रुग्ण घेत नव्हता. एक बाई नवीन रुग्ण घेत होती, पण सरकारी विमा घेत नव्हती. एक दोन्ही घेत होती, पण फक्त बारा वर्षांखालची मुलं बघत होती. मी तिला म्हटलं, "वागायला तसाच आहे तो." ती हसली नाही. मनाच्या डॉक्टरांना विनोद कळत नाही की माझे विनोद कळत नाहीत, यावर घरी चर्चा झाली आणि निकाल माझ्या विरुद्ध गेला. आणखी एका ठिकाणी ध्वनिमुद्रित बाईने मला थांबायला सांगितलं आणि बासरी लावली. ती बासरी मी इतकी ऐकली की अंघोळ करताना गुणगुणायला लागलो.

दरम्यान गावाला कळलं होतं. आमच्या गावात गुप्तता पाळायची एक पद्धत आहे. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला सोडून सगळ्यांना सांगतात. समोरच्या डलोरस क्वामे बटाटे आणि खिम्याचं हॉटडिश घेऊन आल्या. दुःख कुठलंही असो, आमच्याकडे त्यावर भट्टीत भाजलेला बटाटा हाच पहिला उपचार असतो. तो व्हर्लिनसाठी होता, पण त्या आमच्याकडे घेऊन आल्या. व्हर्लिनला एकदम दिला असता तर त्याला कळलं असतं की त्यांना कळलंय.

"सोशल वर्कर?" त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. सरकारी सोशल वर्कर हेळसांड होणारी मुलं घरातून घेऊन जातात, एवढंच त्यांना ठाऊक. "म्हणजे त्याची मुलं काढून नेणार?"

"डलोरस, त्याची मुलं पन्नाशीला आलीत. ॲरिझोनात असतात."

"मग कुत्रा?"

"कुत्रा नाहीये त्याच्याकडे."

"मग नेणार काय?" डलोरस क्वामे म्हणाल्या, आणि मी हॉटडिश आत नेऊन ठेवलं.

बुचचं म्हणणं पडलं, कुत्रा घेऊन द्यावा. पाद्रीबुवांचं म्हणणं, त्याला चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडायच्या कामाला लावावं. माझ्या न्हाव्याचं म्हणणं, त्याचं लग्न लावावं, आणि असं म्हणताना त्याने आरशातून डलोरस क्वामेंच्या घराच्या दिशेने पाहिलं. या सगळ्यांना मी "बघतो" म्हणालो. तिकडे व्हर्लिनने आपली करवत बुचला दिली आणि बर्फावर चालायचे खिळ्यांचे जोडे पाद्रीबुवांना. पाद्रीबुवांनी ते घेतले आणि मग रविवारभर त्यांचा चेहरा उतरलेला होता.

बाई मिळाली ती मात्र विम्याच्या कचेरीतून नव्हे, मांसाच्या सोडतीतून. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या क्लबात पोरांच्या हॉकी संघासाठी मांसाची सोडत असते. तिकिटं घ्यायची, चाक फिरतं, ज्याचा आकडा येईल त्याला डुकराच्या मांसाचं नाहीतर सॉसेजचं गाठोडं. जिंकणारा माणूस खाली मान घालून गाठोडं उचलतो आणि आपल्याहून लायक माणसाला ते मिळायला हवं होतं अशा चेहऱ्याने जागेवर येऊन बसतो. त्या दिवशी आकडा पुकारल्यावर मागच्या टेबलावरून आरोळी आली, "माझं! माझं आहे ते! हटा!"

सगळा क्लब आपापल्या ग्लासात पाहायला लागला.

पन्नाशीची, ठेंगणी, लाल कोटातली बाई तरातरा पुढे गेली, गाठोडं उघडून हुंगलं आणि म्हणाली, "दिवसभर लोकांची रडगाणी ऐकल्यावर देवाने काहीतरी दिलं पाहिजेच होतं."

मी बुचला विचारलं, "ही कोण?"

"न्यू जर्सीची आहे," बुच म्हणाला. हे त्याने कुणी तुरुंगातून सुटून आलंय असं सांगावं तसं सांगितलं. "लोरेन पेट्रुझी. जिल्ह्याच्या दवाखान्यात सोशल वर्कर."

मी हातातला ग्लास सांडवत उठलो. तिच्या टेबलाशी जाऊन, इकडचं तिकडचं हवामान, रस्त्यावरचा बर्फ, मांसाची प्रत, असा योग्य तो वळसा घेऊन मुद्द्याकडे निघालो होतो, तर ती म्हणाली, "तुम्हाला हवंय काय?"

"सरकारी विमा घेता का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"घेते."

"नवीन रुग्ण?"

"गुरुवारी दहाची एक जागा रिकामी झालीय. कोण, तुम्ही?"

"मेव्हणा."

"तसं सगळेच म्हणतात," ती म्हणाली. "फोन नंबर द्या. मी स्वतः बोलेन त्यांच्याशी. माणसाची स्वतःची तयारी असल्याशिवाय मी कुणाला घेत नाही."

त्या रात्री मी घरी विजयी सेनापतीसारखा शिरलो. आर्डिसने माझ्यासाठी पाय तापवला, म्हणजे सफरचंदाचा, खायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एखाद्या नवऱ्याकडे बायको ज्या नजरेने पाहत नाही, त्या नजरेने तिने पाहिलं.

सोमवारी फोन येणार म्हणून मी मुद्दाम व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याचा फोन सगळ्या घराला ऐकू येतो. फोन वाजला.

"मिस्टर स्कोगस्टॅड? मी पेट्रुझी. गुरुवारी दहाला येता का माझ्याकडे बोलायला?"

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत, खरं सांगतो, काहीतरी हललं. तो म्हणाला, "नको हो. उगीच माझ्यासाठी कशाला. कुणाला तरी जास्त गरज असेल."

"बरं. मन बदललं तर कळवा," पेट्रुझी म्हणाली, आणि फोन ठेवला.

व्हर्लिन बराच वेळ रिसीव्हरकडे बघत राहिला. "ठेवला तिने," तो म्हणाला.

"ठेवला."

"दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही."

त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला, टोपी घातली आणि तो खोपट्याकडे निघून गेला. आता आमच्याकडे ज्याला थोडंफार वळण आहे तो कुठलीही गोष्ट पहिल्यांदा नाकारतो. दुसऱ्यांदा नाकारतो, पण जरा रेंगाळून. तिसऱ्यांदा 'तुम्हाला त्रास नसेल तर' म्हणतो. आग लागलेल्या घरातून आम्हाला बाहेर काढायला आलेल्या बंबवाल्यालाही आम्ही आधी शेजाऱ्यांकडे जायला सांगू. आणि पहिल्या नकारावर जो मागे फिरतो, त्याने मुळात मनापासून विचारलंच नव्हतं, असा आमचा पक्का समज आहे. म्हणजे व्हर्लिनच्या हिशेबी, ती जागा त्याला कुणी दिलीच नव्हती.

मी गाडी काढली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. पेट्रुझी टेबलाशी बसून सँडविच उलगडत होती.

"तो 'हो' म्हणाला होता," मी म्हटलं.

"तो 'नको' म्हणाला. मी स्वतः ऐकलं."

"आमच्याकडे ते 'हो'च असतं. सुरुवातीचं."

मी तिला सगळा रिवाज समजावून सांगितला. ती सँडविच हातात धरून ऐकत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्याचा रंग बदलायला लागला.

"एक मिनिट," ती म्हणाली. "मी इथे राहायला आले तेव्हा घरमालकीणबाईंनी केक पुढे केला. मी लगेच घेतला."

मी हातातली टोपी फिरवली.

"आणि मग विचारलं, आणखी घेणार? मी म्हटलं, द्या."

"ऐकलंय मी," मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो.

"कुठे ऐकलंत?"

"चर्चमध्ये."

तिने हातातलं सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं. मग म्हणाली, "तुम्ही सगळे वेडे आहात. पण हे बघा, माझ्या धंद्यात 'नको' म्हणजे नको. दुःखात असलेल्या माणसाला मी रेटू लागले तर माझा परवाना काढून घेतील, आणि काढून घ्यावाच. तिसऱ्यांदा वगैरे मी विचारणार नाही."

"आणि आमच्याकडे दुसऱ्यांदा न विचारणं म्हणजे दार लावून घेणं," मी म्हटलं. "तो भोक न पाडता बर्फावर बसलाय, बाई. खोपटं काढणार नाही म्हणतो. ज्याला त्याला आपलं सामान वाटत सुटलाय."

हे ऐकल्यावर तिने सँडविच खाली ठेवलं. "सामान वाटतोय हे तुम्ही मला क्लबात का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

या वाक्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरायचा प्रयत्न करतो आहे. ती म्हणाली, "आत्ता जा. तो जिथे असेल तिथून त्याला उचला आणि माझ्याकडून फोन येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. हलू नका."

मी गाडी व्हर्लिनच्या दारात लावली आणि तळ्यावर चालत गेलो. व्हर्लिनला म्हटलं, गाडी सुरू होत नाहीये, घरी चल, बघ जरा. यंत्राबद्दल मदत मागितली की आमच्याकडचा माणूस पहिल्या हाकेला येतो, त्याला रिवाज लागू नाही. घरी येऊन त्याने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही." मी म्हटलं, "असं?" तेवढ्यात आत फोन वाजला.

"मिस्टर स्कोगस्टॅड, पुन्हा मी पेट्रुझी. गुरुवारी दहा. जागा अजून तुमचीच आहे."

"नाही हो, खरंच," व्हर्लिन म्हणाला. पण जरा रेंगाळला. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. नियमाप्रमाणे तिचं विचारून झालं होतं, आणि नियमाप्रमाणे त्याचं ऐकून झालं नव्हतं. दोन्ही बाजूंना दोन शिस्तीची माणसं आणि मध्ये तार.

"हे बघा," पलीकडून स्फोट झाला, "मी तुम्हाला रेटत नाहीये, मी वैतागलेय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! माझ्या सँडविचचा दगड झालाय, गाडी बर्फात रुतलीय, आणि या राज्यात आल्यापासून एकाही माणसाने मला सरळ उत्तर दिलेलं नाही! 'नको' असेल तर नको, मी ऐकेन. पण काय ते एकदा तोंड उघडून खरं सांगा!"

इतक्या मोठ्याने त्या स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मार्लिस गेल्यापासून सगळा गाव व्हर्लिनशी मोजून मापून, आवाज पाडून, दारातूनच बोलत होता. मीही. गिरमिट घेताना 'का देतोस' एवढंही विचारलं नाही, ते त्याचमुळे.

व्हर्लिनने भिंतीला हात टेकला. "बरं नाहीये माझं," तो म्हणाला. "येतो मी."

"दहा वाजता," पेट्रुझीचा आवाज एकदम खाली आला. "आणि तोवर एकट्याने तळ्यावर जायचं नाही. कबूल?"

"कबूल," व्हर्लिन म्हणाला. पहिल्याच फटक्यात. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

गुरुवारपर्यंत आर्डिसने त्याला आमच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि काहीही न विचारता ताटात वाढत राहिली. मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो आणि बाहेर बसलो. दार जाड होतं. मी कान लावला नाही. लावला असता तरी काही ऐकू आलं नसतं, हे मी खात्रीने सांगू शकतो. मध्येच मात्र आतून एक आवाज आला. आधी वाटलं खोकला. मग लक्षात आलं, व्हर्लिन हसतोय. पुढे थोड्या वेळाने दुसऱ्या प्रकारचा आवाज आला, तेव्हा मी उठून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि टोपी उलटी घातलेली होती. गाडीत बसेपर्यंत मी काही विचारलं नाही. मग विचारलं, कारण इतके फोन, इतकी बासरी आणि इतका अपमान सोसल्यावर माणसाला काही हक्क असतो.

"कसं काय झालं?"

"पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावलंय. मी हो म्हटलं."

"छान. मार्लिसबद्दल बोललास का?"

"शेवटी शेवटी. थोडं."

"मग इतका वेळ काय बोलत होतास?"

व्हर्लिनने पट्टा लावला, समोरच्या रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मुख्यतः तुझ्याबद्दल."

घरी आल्यावर मी हे आर्डिसला दुखावल्या आवाजात सांगितलं. ती हसत हसत खुर्चीत बसली, मग तिला रडू आलं, मग डोळे पुसून ती म्हणाली, "तो विषय असेल तर आठवड्यातून एकदा पुरायचं नाही. सरकारी विमा दोनदा जाऊ देतो का, तेवढं विचारून ठेव."